तिसरा ड्रम

पिरनवाडी मागे पडली, किणये ओलांडलं की चोर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हवा बदलते. बेळगावचा धूर आणि हॉर्न मागे राहतात, झाडी दाट होते, माती अधिक लाल दिसायला लागते. गोव्याला जाणाऱ्या गाड्या या रस्त्यावरून भरधाव जातात. जांबोटीला चहासाठी थांबल्या तर थांबल्या, एरवी त्यांचं लक्ष पणजीकडेच. आमच्या मिनीबसला मात्र जांबोटीच्या थोडं अलीकडेच आत वळायचं होतं. २०२३ चा जानेवारी होता. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर, चाळीस मुलंमुली, दोन मोठी पातेली, तांदळाची पोती आणि टपावर दोरीनं बांधलेले तीन निळे प्लॅस्टिकचे ड्रम. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात चूक माझी होती, गावाला त्याची उगाच प्रसिद्धी नको.

शिबिर म्हटलं की गटार उपसणं, शाळेला रंग देणं, भिंतीवर घोषवाक्य लिहिणं आणि शेवटच्या दिवशी सांस्कृतिक कार्यक्रम, हे ठरलेलं. डिसेंबरात पाहणीला गेले तेव्हा देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या एका तात्यांनी स्पष्टच विचारलं, ‘‘बाई, गटार आमचं आमी उपसताव. दुसरं काय येतंय तुमच्या पोरास्नी?’’ मी मराठीची प्राध्यापिका. मला दुसरं काय येणार? पण बोलता बोलता विषय खताकडे वळला. खताच्या रांगा, पोत्यामागे गळ्यात मारली जाणारी दुसरी बाटली, कडक होत चाललेली जमीन. त्यातून ठरलं की या वर्षी जीवामृत करायला शिकवायचं. शिकवणार मी नव्हे, बैलहोंगलकडचे एक शेतकरी अण्णा. ओळखीतून त्यांना विचारलं, ते एसटीनं यायला तयार झाले. ड्रम आणण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं.

जीवामृताची गोष्ट आपल्यासारख्या दोन भाषांत जगणाऱ्या घरांना गंमतीची वाटेल. ही कृती लोकप्रिय केली ती सुभाष पाळेकरांनी. ते विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, अस्सल मराठी. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या ‘झिरो बजेट’ शेतीला मोठा आधार मिळाला तो कर्नाटकात. २००० नंतरच्या दशकात इथल्या रयत संघाच्या माणसांनी त्यांची शिबिरं भरवली, हजारो कानडी शेतकरी वह्या घेऊन बसले. बैलहोंगलचे आमचे अण्णाही त्यातलेच. म्हणजे एका मराठी माणसाची कृती आमच्या मराठी गावात आली ती कानडीतून. (पाळेकरांना ‘सेंद्रिय’ हा शब्द चालत नाही बरं का, ते ‘नैसर्गिक’ म्हणतात. गावकऱ्यांना दोन्ही सारखेच.)

पहिल्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात लोक जमले. पुरुष खुर्च्यांवर, बायका पायऱ्यांवर. अण्णांनी खास धारवाडी ढंगात सुरुवात केली, ‘‘हत्तु किलो हेंडी, एरडु किलो बेल्ला, एरडु किलो हिट्टु...’’ जांबोटीकडच्या या पट्ट्यात घरात मराठीच. तरुणांना शाळेतलं पुस्तकी कन्नड येतं, त्यात शेणाला सगणी म्हणतात. हेंडी म्हणजे काय हे आमच्या दुभाष्या विद्यार्थ्याला कळेना. एका म्हातारबाबांनी सोडवलं, ‘‘अरं, शेन रं!’’ पुढचा घोटाळा जास्त मोठा. बेल्ला ऐकून दोन उत्साही पोरं पळाली आणि देवळामागून बेलाची पानं ओंजळभर घेऊन आली. पायरीवरच्या एका आजी म्हणाल्या, ‘‘ड्रमाला काय अभिषेक घालायचाय व्हय?’’ सगळं पटांगण हसलं. अण्णाही हसले. बेल्ला म्हणजे गूळ हे त्या दिवसानंतर त्या गावात कुणी विसरणार नाही.

कृती तशी सोपी. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये जवळजवळ तेवढंच पाणी. त्यात दहा किलो ताजं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती. ड्रम सावलीत, तोंडावर गोणपाट, घट्ट झाकण नाही. सकाळ-संध्याकाळ लाकडी काठीनं ढवळायचं. दोन दिवसांत फेस येतो, वास आंबूस होतो. मग एका एकराला पाण्याबरोबर सोडायचं. आठवड्याच्या आतबाहेर वापरून संपवावं. कोवळ्या पिकावर फवारायचं तर पाच लिटर गाळून शंभर लिटर पाण्यात. मूठभर माती कशाला, तर तिथले जिवाणू विरजणासारखे ड्रममध्ये जावेत म्हणून. म्हणूनच ती औषध न मारलेल्या बांधावरची, झाडाखालची घ्यायची. गूळ आणि पीठ हा त्या जिवाणूंचा खुराक.

बेसनाला मात्र बायकांनी हरकत घेतली. खायचं पीठ ड्रममध्ये ओतायचं? अण्णा म्हणाले, हरभराच पाहिजे असं नाही, कुठलंही द्विदल चालेल. ‘‘हुरळी इद्द्रू नडीतद.’’ हुलगा चालतो म्हटल्यावर कुरकुर संपली, हुलगा घरोघरी होता. गूळही पिवळाधमक नको, काळा, चिकट, स्वस्तातला चांगला.

खरी अडचण शेणाची. अण्णांचा आग्रह देशी गाईचा. गावात पूर्वी प्रत्येक दाराशी खिलारी जोडी असायची, आता नांगरटीला पॉवर टिलर आणि दुधाला म्हैस किंवा जर्सी. देशी गाई मोजल्या तर अकरा भरल्या. शेवटी अण्णांनी सवलत दिली : निम्मं देशी गाईचं, निम्मं बैलाचं किंवा म्हशीचं. जर्सीचं नको, यावर ते अडून राहिले. जर्सीच्या शेणातले जिवाणू इतके का वाईट, याचं पटणारं उत्तर मला त्यांच्याकडून मिळालं नाही. तसंच ढवळण्याचं. ‘‘बलक्के, बलक्के!’’ म्हणजे उजवीकडेच फिरवा, असं ते दर वेळी ओरडायचे. एका मुलीनं डावीकडून फिरवलं तर काय होईल विचारलं, तेव्हा मिशीत हसले आणि म्हणाले, काही होत नसेल, पण मला गुरूनं असं शिकवलं. ढवळल्यानं हवा आत जाते हे महत्त्वाचं, दिशा कुठलीही चालेल असं माझं मत. तरी सात दिवस सगळे उजवीकडेच फिरवत राहिले.

आणखी एक गोष्ट त्याच रात्री समजली. माझ्याबरोबर आलेले रसायनशास्त्राचे सहकारी कागद-पेन घेऊन बसले. दहा किलो ओल्या शेणात नत्र जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. गोमूत्र, पीठ सगळं धरून ड्रमभर द्रावणात पाव किलोच्या आसपास. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या एका पोत्यात मात्र नत्र सेहेचाळीस टक्के, म्हणजे वीस किलोंहून अधिक. मग हे खत कसलं? सकाळी अण्णांना तो हिशेब दाखवला. ते जराही बिचकले नाहीत. त्यांचं म्हणणं, हे खत नव्हेच, हे विरजण. दूध म्हणजे पालापाचोळा, शेणखत, हिरवळ. ते शेतात नसेल तर विरजण कशाला लावणार? पालापाचोळा जाळायचा आणि ड्रम ओतायचा, त्यानं काही होणार नाही. मला हे पटलं. जे लोक ड्रमभर जीवामृताच्या जोरावर युरिया एका वर्षात बंद करा सांगतात, ते शेतकऱ्याचं नुकसान करतात. २०२१ साली श्रीलंकेनं रासायनिक खतांवर एका झटक्यात बंदी घातली, भाताचं उत्पादन कोसळलं आणि त्याच वर्षी बंदी मागे घ्यावी लागली. इथेही शास्त्रज्ञांचे आक्षेप आहेतच. तरीही नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालं.

आता ड्रमाकडे येते. नवे ड्रम महाग. बजेट तोकडं. मी बेळगावात एका भंगाराच्या दुकानातून तीन जुने ड्रम अर्ध्याहून कमी किमतीत घेतले आणि आपण शहाणपण केलं असं मला वाटलं. दोन लोणच्याचे होते, वासावरून कळत होतं. तिसऱ्यात आधी काय होतं ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. मुलांनी तो साबणानं दोनदा धुतला. अण्णांनी पहिल्याच दिवशी ड्रमात तोंड घालून वास घेतला होता आणि भुवई उंचावून माझ्याकडे पाहिलं होतं. मी ‘धुतलाय री’ म्हणून विषय संपवला. त्यांनीही पाहुण्यासारखा तो संपू दिला.

तिसऱ्या दिवशी दोन ड्रम फसफसले. वर फेसाची साय, वास आंबट ताकासारखा. तिसरा तसाच. तपकिरी पाणी, वर ना फेस ना बुडबुडा. सावली जास्त मिळाली असेल, आज-उद्या चढेल, असं म्हणून आम्ही दुर्लक्ष केलं. पाचव्या दिवशी वाटप झालं. पहिले दोन ड्रम देवळाजवळच्या मोठ्या शेतांना गेले, कारण त्या घरचे पुरुष पुढे उभे होते. तिसरा गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका आक्कांना मिळाला. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी बारावीला, दीड एकर भात आणि विहिरीजवळ चार गुंठे मिरची-वांगी. गोव्याच्या बाजारात भाजी पाठवणाऱ्या टेम्पोवर त्यांचं उन्हाळ्याचं पोट. त्यांनी सांगितलं तसं सगळं केलं. पाच लिटर गाळून घेतलं, शंभर लिटर पाण्यात मिसळलं आणि मिरचीच्या रोपवाटिकेवर झारीनं शिंपडलं.

शिबिर संपवून आम्ही परतलो. आठव्या दिवशी फोन आला. तात्यांचा होता, आक्कांचा नव्हे. ‘‘बाई, आक्काच्या मिरच्या जळाल्या. येऊन बघा.’’

रविवारी एकटीच गेले. वाफ्यात पिवळी पडून काळवंडलेली रोपं. बोटभर उंचीची, लावणीला तयार होत आलेली. आक्का काही बोलल्या नाहीत. चहा केला. त्यांची मुलगी मात्र माझ्याकडे अशी पाहत होती की मी कपाकडे बघत राहिले. ड्रममध्ये तळाला थोडं द्रावण उरलं होतं. मी एका बाटलीत ते घेतलं, देवळाजवळच्या दोन ड्रमांतलंही घेतलं. महाविद्यालयात सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून साधी चाचणी केली. तिन्ही द्रावणं आक्कांनी केली होती तेवढीच पातळ करून, प्रत्येकात वीस-वीस मूग फडक्यात भिजत घातले. दोन बशांत मोड आले. तिसऱ्या बशीतले मूग फुगले आणि तसेच राहिले. अण्णांचं नाक खरं ठरलं होतं. चूक जीवामृताची नव्हती, भंगारातल्या ड्रमाची होती. म्हणजे माझी.

हे गावात जाऊन सांगणं शिबिरापेक्षा कठीण. कट्ट्यावर आठ-दहा माणसं होती. मी ड्रमाचं सांगितलं, मुगाचं सांगितलं. एक जण म्हणाला, ‘‘शिकल्याली मान्सं असंच करतात गा.’’ दुसरा म्हणाला, म्हणून तर मी माझ्या रानात घातलं नव्हतं. मी नुकसानभरपाई म्हणून आक्कांपुढे पाकीट ठेवलं. त्यांनी ते उचलून परत माझ्या पिशवीत घातलं.

‘‘पैसं घिऊन काय करू बाई? पैसं लावलं तर मिरची उगवतीय व्हय? रोप द्या. आनि रोप मोठं हुईस्तवर या. आर्ध्यावर सोडून जाऊ नका.’’

तर मी रोपं शोधत फिरले. खानापूरच्या संतेत नाही, बेळगावच्या एका रोपवाटिकेत त्यांना हवी तशी मिरची मिळाली. स्कूटरवर पुढे दोन ट्रे ठेवून मी पिरनवाडीचा रस्ता धरला तेव्हा चोर्ल्याकडे निघालेले गाडीवाले वळून बघत होते. लावणी तीन आठवडे उशिरा झाली. त्या उन्हाळ्यात आक्कांचे पहिले तोडे चुकले, आणि चढा भाव पहिल्याच तोड्यांना मिळतो. ते पैसे काही परत आले नाहीत. त्यांनी मला ते कधी ऐकवलं नाही, पण मुलीच्या वहीवरच्या हिशेबात मी एकदा पाहिलं.

पंधरा दिवसांनी एक रविवार, असं माझं जाणं सुरू झालं. दुसरं जीवामृत आक्कांनी लोणच्याच्या ड्रमात केलं. देवळाजवळच्या घरातून तो मागून आणायला त्याच गेल्या, मला पाठवलं नाही. एवढं झाल्यावरही त्या पुन्हा का करताहेत, असं विचारलं. म्हणाल्या, ‘‘दुसऱ्यांच्या वाटान्याला घातलेलं बघितलं न्हवं मी. खाली मातीत गांडूळ यायल्यात. माझ्याच रानात का येऊ ने?’’

जूनमध्ये आणखी एक शिकायला मिळालं, आणि ते अण्णांनाही ठाऊक नव्हतं. अण्णांचं बैलहोंगल काळ्या मातीचं, मोजक्या पावसाचं. जांबोटीचा पाऊस तसा नाही. इकडे मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, घाटमाथ्याचा पाऊस बांध फोडून वाहतो. भाताच्या पेरणीनंतर ओतलेलं पातळ जीवामृत चार सरींत ओढ्याला लागलं. आक्का आणि शेजारच्या दोघींनी डोकं चालवलं. अण्णांनी जाता जाता सांगितलेलं घनजीवामृत त्यांना आठवलं : शंभर किलो शेण, दोन किलो गूळ, दोन किलो पीठ, मूठभर माती, भिजेल एवढंच गोमूत्र. कालवून सावलीत वाळवायचं, बडवून भुगा करायचा, पोत्यात भरून ठेवायचं. सहा महिने टिकतं. पुढच्या वर्षी मेच्या उन्हात त्यांनी ते करून ठेवलं आणि कुरीनं भात पेरायच्या आधी रानात विसकटलं. मातीत मिसळलेलं भुकटीचं खत सरींनी सहज वाहून जात नाही. अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ‘‘हौद्री अक्कार, नम्म कडे मळेनं इल्ल,’’ आमच्याकडे पाऊसच नाही, मला कसं सुचणार!

सगळंच गोड झालं असं नाही. पहिल्या वर्षी भाताचं पोतं-दीड पोतं कमी भरलं. दुसऱ्या वर्षी रानात गवे शिरले आणि बांधाकडेचा पट्टा तुडवून गेले. भीमगड अभयारण्य जवळ, गव्याला कुणी काय शिकवणार? आक्कांनी युरिया पूर्ण सोडलेला नाही. आधी तीन पोती लागायची, आता एक. अण्णांना हे कळलं तेव्हा ते नाराज झाले. मला एक पोतंही चालेल असं वाटतं, कारण मुलगी आता बेळगावला शिकायला आहे आणि भात कमी पडलं तर वसतिगृहाचे पैसे तटतील. मिरचीला मात्र त्या युरियाचा दाणाही घालत नाहीत. खाली वाळल्या पानांचं जाड आच्छादन, वर महिन्यातून दोनदा पातळ जीवामृत. खर्च विचाराल तर एका ड्रमाला गुळाचे शंभर-सव्वाशे रुपये, बाकी घरचं आणि मनगटाचं. मनगट बायकांचंच. कृती ऐकायला खुर्च्यांवर पुरुष बसले होते, शेण कालवायला आणि ढवळायला गेल्या तीन वर्षांत मी बायकाच पाहिल्या.

मध्ये आक्कांची गाय मेली. मला वाटलं, आता ड्रम बंद पडणार. पण शेजारच्या घरी गाय आहे आणि ड्रम नाही. मग ठरलं, शेण त्यांचं, गूळ आणि ढवळणं आक्कांचं, जीवामृत अर्धं अर्धं. यावरून एकदा भांडणही झालं, पावट्याच्या वेळी शेजारणीनं अर्ध्याहून दोन बादल्या जास्त नेल्या म्हणून. आठवडाभर बोलणं बंद होतं, ड्रम मात्र दोघी आळीपाळीनं ढवळत होत्या.

गेल्या महिन्यात गेले तर आक्कांच्या अंगणात पाच-सहा अनोळखी बायका. खानापूरच्या पूर्वेकडच्या, इटगीच्या बाजूच्या स्त्रीशक्ती गटातल्या, कानडी बोलणाऱ्या. कुणीतरी त्यांना इकडे पाठवलं होतं. आक्का मोडक्या कानडीत शिकवत होत्या. हेंडी, बेल्ला, हिट्टु सगळं बरोबर, मध्येच एखादं मराठी क्रियापद. समजत होतं सगळ्यांना. शेण घालायच्या आधी मात्र त्यांनी ड्रम आडवा केला, आत डोकं घालून वास घेतला आणि प्रत्येकीला घ्यायला लावला. मग ओट्यावरची बशी दाखवली. फडक्यात मूग, मोड आलेले. आधी थोडं करा, पातळ करून मुगाला घाला, मोड आले तरच रोपाला, असं त्या बजावत होत्या. एकीनं विचारलं, एवढं कशाला? तेव्हा आक्कांनी तिसऱ्या ड्रमाची सगळी गोष्ट सांगितली. मिरची कशी जळाली, बाई स्कूटरवरून रोपं घेऊन कशा आल्या, सगळं. मी दारातच उभी.

‘‘याऽरी आ टीचर?’’ त्या बाईनं विचारलं. कोण ती टीचर?

आक्कांनी काठीनं माझ्याकडे दाखवलं. ‘‘ह्याच की. बसा बाई, च्या ठेवताव.’’

सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मग त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं थोडं सरकून पायरीवर जागा केली आणि ढवळायची काठी माझ्या हातात दिली.